आलं का दाताला

फोन वाजला तेव्हा मी लसूण सोलत होतो. गुरुवार होता. गुरुवारी सकाळी लसूण सोलायचा, स्टीलच्या लहान डबीत भरायचा, डबी सदऱ्याच्या खिशात टाकायची आणि इंदूरच्या छत्रीबागेतून अन्नपूर्णा भागात मधूकडं जायचं, हा माझा नेम. मोबाईलवर कमलाबाईचं नाव आलं. कमलाबाई म्हणजे मधूला सांभाळायला ठेवलेली बाई. ती आपणहून कधी फोन करत नसे, आणि म्हणूनच त्या नावाची मला धास्ती होती. रिंग वाजत राहिली आणि मी हातातल्या पाकळीचं साल ओढत राहिलो... जसं काही मी उचललाच नाही तर तिकडं काही झालेलंच नसणार. शेवटी उचलला. ती म्हणाली, "भैयाजी, जल्दी आ जाओ. साब बोल नी रिये." मी विचारलं, "खाने को क्या दिया था?" ती म्हणाली, "आप आओ तो सही."

रिक्षात डबी मुठीत धरून बसलो. रिक्षावाला रस्त्याच्या खोदकामावर काहीबाही बोलत होता, मी हूं हूं करत होतो. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मधूचं काळंनिळं पडलेलं तोंड. मधूच्या बिल्डिंगीत राहणारे डॉक्टर जिना उतरताना भेटले. मी त्यांना तिथंच अडवलं. मधू आहे की गेला, हे आधी विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं, "घशात काही होतं का?" ते म्हणाले, "नाही आजोबा. घसा साफ होता. डोक्यातला झटका आला, दुसरा. त्यांना कळलंसुद्धा नसेल." मी जिन्याच्या पायरीवर बसलो. लोकांना वाटलं, दोस्त गेला म्हणून म्हातारा खचला. दुःख मागनं आलं. आधी भीती उतरली.

मित्र गेल्याचं कळल्यावर माणूस घशाचं का विचारतो, तेच मला इथं सांगायचंय. मधूवर बोलणारे पुष्कळ आहेत. शोकसभेत शिकलेली माणसं चांगलं बोलली, त्याच्या सरकारी दफ्तरातली, वाचनालयातली. मी चौथीपुढं शाळा पाहिली नाही, म्हणून मी मागं बसून होतो. घरी जाताना मधूची मुलगी वैशाली म्हणाली, "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. लिहा तरी." एका भाच्यानं म्हटलं, मामा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, हात अजून माझेच आहेत. तेव्हा चुकलंमाकलं ते माझं.

मधू आणि मी छत्रीबागेच्या एकाच गल्लीतले. चौथीपर्यंत गोणपाटाच्या एका टाटपट्टीवर बसलो. मग तो पुढं शिकला, सरकारी दफ्तरात लागला, अन्नपूर्णेला फ्लॅट घेतला. मी पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. तो फायलीत गेला, मी लोखंडात, पण दोस्ती काही गंजली नाही. दोघांच्या बायका आमच्याआधी गेल्या. मग दोघंही खिचडीवर आलो. तो आपली खिचडी खायचा, मी माझी, आणि फोनवर कोणाची जास्त बेचव झाली त्याचं भांडण.

वैशाली इटलीत असते, तिकडंच लग्न केलंय. तिच्या बाळंतपणाला मधू गेला आणि काही महिने राहिला. तिथं शेजारी एक म्हातारी होती. सगळे तिला नोन्ना म्हणत, म्हणजे आजी. मधू तिच्या स्वैपाकघरात जाऊन बसायचा. ना हिला त्याची भाषा, ना त्याला हिची. मला फोनवर म्हणाला, "दत्त्या, ही बाई म्हणजे माझी आईच बघ. शब्द कळत नाही, पण ओरडतेय हे कळतं." आणि मग एकदा म्हणाला, "घरात काही नसलं ना, की ही एक चीज करते. भाजी नाही, दूध नाही, कांदासुद्धा नाही. आपल्याकडं पिठलं तसं हे त्यांचं. तुझ्यासारख्या एकट्याला झकास. नाव लिहून घे." लिहायला माझ्याकडं काय होतं? मी कानानं घेतलं. फोन तुटत तुटत येत होता. तो म्हणाला, "आल्यो ए ओल्यो." मला ऐकू आलं, आलं... ओलं.

म्हटलं, ठीक आहे. ओलं आलं. सुंठ नको, ताजं पाहिजे, एवढंच सांगतोय. किराणावाल्याकडून त्या लांब जाड शेवयांचं पाकीट आणलं, स्पॅगेटी म्हणतात ते. सब्जीवाल्याकडून चांगलं रसदार आलं घेतलं, मूठभर बारीक चिरलं, शेंगदाण्याच्या तेलात परतलं आणि शिजलेल्या शेवया त्यात ढवळल्या. खाताना डोळ्यांतून पाणी आलं. पण इटलीच्या लोकांना चालतं तर मला का नाही चालणार, म्हणून ताट साफ केलं. एकदा नाही, बऱ्याचदा केलं. सर्दी म्हणून त्या थंडीत मला झाली नाही.

मधू परत आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला जेवायला बोलावलं. म्हटलं, तुझ्या नोन्नाला विसरशील. त्यानं पहिला घास घेतला, चावता चावता थांबला आणि विचारलं, "दत्त्या, हे काय आहे?"

"तूच सांगितलंस. आलं. ओलं."

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि तो असा हसला की ठसका लागला. डोळे वटारले, मान लाल झाली. मी ताट सरकवून धावलो, पाठीवर थापा मारल्या, पाणी धरलं. त्याला श्वास आला तेव्हा तो परत हसायलाच लागला. "ठसका लागला, बघ रे, कोण आठवण काढतंय. नोन्नाच असणार. तिकडं तिला कळलं, इंदूरमध्ये कोणी तिच्या लसणाचं आलं केलं. अरे बाबा, आल्यो म्हणजे लसूण. ओल्यो म्हणजे तेल."

"मग असं नाव कशाला ठेवलं? आपल्या माणसाला फसवायला?"

"त्यांना काय माहीत तू आहेस म्हणून."

मी आजही म्हणतो, आल्यात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवशी तो हसत होता आणि मी पाण्याचा पेला धरूनच होतो, हे त्यानं बघितलं. त्याचं कारण त्याला माहीत होतं. मशीनची भीती मला कधी वाटली नाही. मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलून सांगतं. माणसाचा घसा सांगत नाही. एकदा वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत एका सोबत्याच्या घशात कचोरीचा तुकडा अडकला. खोकला नाही, आवाज नाही. नुसता उभा राहिला, दोन्ही हात गळ्याशी, आणि आमच्याकडं बघत राहिला. पाठीत बुक्क्या घालून घालून तुकडा काढला. तो वाचला, दुसऱ्या दिवशी कामावरही आला. पण त्याचे ते डोळे माझ्याजवळच राहिले. तेव्हापासून जेवताना कोणी खोकललं तरी माझा घास हातात राहतो.

मग मधूनं मला रीतसर शिकवायला घेतलं. गुरुवार ठरला, कारण त्याचा गुरुवारचा उपास बायकोबरोबरच संपला होता. मी घरून लसूण सोलून न्यायचो, कारण त्याला नखानं साल निघत नसे आणि मला त्याचं ते किरकिरणं ऐकवत नसे. भगोन्यात पुष्कळ पाणी, पुष्कळ मीठ. तो म्हणायचा, "नोन्ना म्हणते, पाणी समुद्रासारखं पाहिजे." मी म्हणायचो, "आपल्याकडं कुठला समुद्र? गटार झालेली खान नदी आहे." "मग खानसारखं झालं नाही म्हणजे मिळवली." लसणाचे पातळ काप थंड तेलातच टाकायचे आणि गॅस अगदी बारीक. घाई केली की लसूण काळा पडतो आणि सगळं कडू. सुकी लाल मिरची हातानं चुरायची. शेवया तेलात आल्या की त्यांच्याच पाण्यातलं थोडं पाणी वर घालायचं आणि हलवत राहायचं, तेल आणि पाणी एक होऊन अंगाला चिकटेपर्यंत. बस. ऑलिव्हचं तेल वैशालीनं बाटलीभर दिलं होतं, ते तो सणासुदीला काढायचा. एरवी आपला शेंगदाणा. आणि त्या शेवया ज्या गव्हाच्या होतात तो गहू म्हणजे आपला कठियाच, ज्याचे आपण बाफले करतो, उकडून भाजलेले गोळे. हे कळल्यावर माझा त्या चीजेवरचा राग बराच गेला. म्हटलं, बाफल्याचा लांबट भाऊ आहे, परका नाही.

शिजलं की नाही हे घड्याळावर बघायचं नाही, असं तो सांगायचा. एक शेवई काढायची आणि चावायची. आत बारीक पांढरा ठिपका असतानाच उतरवायची. "नोन्ना चावते आणि म्हणते, आल दान्ते."

मी म्हटलं, "मराठीच बोलते की. आलं दाताला."

तो झारा हातात धरून उभाच राहिला. "दत्त्या, दान्ते म्हणजे दातच रे."

"मग मी काय सांगतोय?"

त्या दिवसापासून आमचं तेच झालं. तो शेगडीशी, मी ओट्याला टेकून. शेवई माझ्यापुढं धरायचा, विचारायचा, "आलं का दाताला?" मी म्हटलं आलं, की म्हणायचा, "तुझ्या कवळीला काय कळतं, बाजूला हो," आणि स्वतः चावून बघायचा. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. त्याला पेन्शनपेक्षा त्याचाच गर्व जास्त.

मागच्या थंडीत त्याला पहिला झटका आला. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मधू पलंगावर होता, उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून काहीतरी बोलला, ते शब्द नव्हते. नर्सनं चमचाभर पाणी पाजलं आणि त्याला ठसका लागला. साध्या पाण्याचा. तो ठसका मी ऐकला आणि बाहेर निघून आलो. डॉक्टरांनी वैशालीला आणि मला बसवून सांगितलं, ती लगेच आली होती, की जीव वाचला आहे पण गिळायचं विसरले आहेत. घास अन्ननळीत जायच्या ऐवजी श्वासाच्या नळीत जाऊ शकतो. पाणीसुद्धा. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पाणी कसं मारेल माणसाला?" ते म्हणाले, "छातीत गेलं तर मारतं, काका."

त्यानंतर मला पाण्याचीही भीती वाटायला लागली. त्याचं पाणी पावडर घालून घट्ट करायचे. वरण, पोळी, भाजी, सगळं मिक्सरमधून काढायचं. गिळायला शिकवणाऱ्या एक मॅडम येत. हनुवटी छातीला लावा, मग गिळा, परत गिळा, आता आवाज काढून दाखवा. वैशालीनं कमलाबाईला ठेवलं, पाय निघत नसताना ती परत गेली आणि जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "काका, त्यांच्या घशाकडं लक्ष ठेवा." असं काही कोणी कोणाला सांगू नये. शेत सांगावं, घर सांगावं. घसा कसा राखायचा माणसानं?

मी भरवायला बसायचो. चमचा त्याच्या ओठांत जायचा आणि श्वास माझा थांबायचा. त्याच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली येईपर्यंत मी तिच्याकडं बघत राहायचो. आली खाली. पुढचा चमचा. कमलाबाई दारात उभी राहून म्हणायची, "भैयाजी, खा वो रिये हैं, पसीना आपको आ रिया है." रात्री घरी आलो की वाटायचं, आता खोकत असेल. फोन वाजला की आधी कमलाबाईचं नाव आहे का ते बघायचो. इतकी वर्षं लोखंड कापलं, एक बोट गमावलं नाही, आणि आता चमच्यानं माझी ही गत करून टाकली होती.

हळूहळू त्याला शब्द आले, तुटक तुटक. तोंड वाकडं, पण शब्द सरळ. एका गुरुवारी मी भोपळ्याचा तो पिवळा लगदा घेऊन बसलो, तर त्यानं तोंड उघडलं नाही. डाव्या हातानं स्वैपाकघर दाखवलं. "शेवया."

"मॅडम नाही म्हणाल्या."

"शेवया."

"मधू, हट्ट करू नकोस. लांब, निसरडं, तेलकट, त्याचंच नाव घेऊन नको म्हणाल्या."

"तुला... भीती."

"हो, आहे मला भीती. तुला नाही?"

त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मरायची... नाही. लगद्याची आहे." बोटानं दात दाखवून म्हणाला, "दात... आहेत रे माझे."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, पण मी वाटी पुढंच धरली. तोही हट्टी, मीही हट्टी. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. पुढं पुढं तेवढंही नाही. कमलाबाईनं भरवलं तर ओठातून बाहेर. वैशाली फोनवर रडायची, "बाबा, खा ना," आणि मग माझ्याकडं फोन आला की म्हणायची, "काका, त्यांचं ऐकू नका हं." गळ्याची हाडं दिसायला लागली. आधी मला तो घशात अडकून जाईल याची भीती होती. आता न खाता जाईल याची. दोन्ही बाजूंनी तेच, आणि मध्ये मी, वाटी धरून.

पुढच्या गुरुवारी लसूण सोलून नेला. ठरवलं की त्याला द्यायचं नाही. वास तर घेऊ दे, वासाला कोणी बंदी घातली नाही. तो खिडकीशी वेताच्या खुर्चीत उशा लावून ताठ बसला होता, मांडीवर घट्ट पाण्याची रिकामी झालेली वाटी. मी स्वैपाकघरात पाणी ठेवलं, मीठ घातलं, लसूण थंड तेलात टाकला. वास सुटला तसा तिकडून आवाज आला, "बारीक... गॅस." म्हटलं, झोपला नाहीये तर. एक शेवई काढून चावली. तिकडून, "आलं का?" मी म्हटलं, "थांब जरा." परत थोड्या वेळानं, "आलं?" मी म्हटलं, "आलं."

ताट घेऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. त्याला म्हटलं, मी खातो, तू बघ, आणि मग तुझी वाटी मुकाट्यानं संपव. त्यानं मान डोलावली. मी पहिला घास घेतला. तो माझ्या तोंडाकडं असा बघत होता, जसं लहान मूल बघतं. मला पुढं खाववेना. मी खाली बघितलं, तेवढ्यात त्याचा डावा हात आला आणि ताटातली एक शेवई उचलून त्यानं तोंडात ओढून घेतली.

मी जागचा हललो नाही. हललो तर तो दचकेल, दचकला तर आत ओढेल, एवढंच डोक्यात होतं. कमलाबाई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मधूनं डोळे मिटले आणि चावायला लागला. हळूहळू, डाव्या बाजूनं. मी त्याच्या गळ्याच्या गाठीकडं बघत होतो. ती आता वर जाईल. आता जाईल. त्या सोबत्याचे डोळे मला दिसायला लागले, ते दोन्ही हात गळ्याशी. देवाचं नाव घ्यायचं तर तेही आठवेना. तो चावतच राहिला... पोळी चावावी तसं नाही, पान चावावं तसं. मग त्यानं डोळे उघडले, मान पुढं केली, मांडीवरची रिकामी वाटी उचलली आणि तोंडातलं सगळं वाटीत टाकून दिलं.

"दाताला... आलं," तो म्हणाला. "घशाचं... नाव कुठंय त्यात?"

मला हसू आलं, रडू आलं, आणि तोंडात माझा पहिला घास तसाच होता. तो भलत्याच वाटेनं गेला आणि ठसका मलाच लागला. असा लागला की कमलाबाई पाठीवर थापा मारायला धावली. पाणी प्यायलो, डोळे पुसले. मधू माझ्याकडं बघत होता, वाकड्या तोंडानं हसत. मोठ्या कष्टानं एकेक शब्द जुळवून म्हणाला, "मी तर... समोर बसलोय. मग तुझी आठवण... काढतंय कोण?"

मी त्याची लगद्याची वाटी पुढं धरली. आणि मग त्यानं आपणहून तोंड उघडलं, आणि भोपळ्याचा लगदा वाटीभर खाल्ला.

मॅडमपासून मी हे लपवलं नाही. त्या पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. खूप रागावल्या. मग त्यांच्यासमोर मधूनं एक शेवई चावून दाखवली, टाकून दाखवली. तेव्हा त्यांनीच नियम सांगितले. एका वेळी एकच शेवई, ताठ बसवून, नंतर ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसायचं. "आणि आजोबा, तुम्ही समोर असाल तरच." म्हणजे भीती माझ्या नावावर पक्की झाली. वैशालीनं फोनवर हे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "बाबा हसतात का काका तेव्हा?" मी म्हटलं, हसतो.

तेव्हापासून दर गुरुवारी. मी करायचो, तो खुर्चीतून हुकूम सोडायचा. मी खायचो, तो एकेक शेवई चावायचा, टाकायचा, आणि मग आपली वाटी संपवायचा. अंगावर थोडं मांस आलं. लोक म्हणायचे, तुमच्यामुळं जगला. मला ते ऐकवत नसे. त्यांना माहीत नव्हतं, प्रत्येक शेवईला मी गळ्याच्या त्या गाठीकडं बघत बसायचो. सवयीनं भीती कमी होते म्हणतात. माझी झाली नाही. गुरुवारी सकाळी लसूण सोलताना हात गार पडायचे, आणि तरी जायला उशीर झालेला मला चालत नसे. दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला सांगता यायचं नाही. शिकलेल्यांनी सांगावं.

तो गेला त्या सकाळीही तो खुर्चीतच होता. कमलाबाई म्हणाली, दाढी करवून घेतली, धुतलेला सदरा मागितला, आणि विचारलं, "दत्तू निघाला?" ती म्हणाली, निकल गए होंगे. मग ती चहा घट्ट करायला आत गेली आणि बाहेर आली तर मान छातीवर. मॅडमनी शिकवल्यासारखी, तिला वाटलं, गिळतायत.

दुसऱ्या दिवशी वैशाली आली, मग नेलं. मी खांदा दिला. लोक नको म्हणत होते, या वयात कशाला. मी ऐकलं नाही. बांबूवर हात ठेवला आणि हाताला लसणाचा वास आला. आदल्या दिवशीचा. आंघोळ झाली होती, साबण झाला होता, पण तो वास सहज जात नाही. मुक्तिधामात सगळ्यांनी फुलं वाहिली, मीही वाहिली, आणि मला आपलं वाटत राहिलं, फुलांच्या वासात हा वास मधूला बरोबर कळेल.

घर आवरताना वैशाली म्हणाली, काका, काय पाहिजे ते न्या. मी वेताची खुर्ची मागितली. ती आता माझ्या खोलीत आहे, ओट्यासमोर. ऑलिव्हच्या तेलाची बाटलीही तिनं बरोबर दिली, तळाशी थोडं आहे, ते मी काढत नाही. माझा मुलगा बाहेरगावी असतो, तो फोनवर म्हणतो, बाबा, एकटे आहात, तब्येतीला जपा, कोरडं, अडकेल असं काही खाऊ नका. त्याला हो म्हणतो. गुरुवारी लसूण सोलतो. डबीत भरतो. जायचं कुठंच नसतं, तरी डबी थोडा वेळ खिशात राहते, मग काढून ओट्यावर ठेवतो. पाणी खारट करतो, गॅस बारीक करतो. एक शेवई चावतो आणि तोंडातून निघतं, "आलं." विचारलेलं नसतं कोणी.

गेल्या गुरुवारी पहिलाच घास आणि मला ठसका लागला. चांगलाच लागला. खोलीत मी एकटा, दाराला आतून कडी, पाठीवर थाप मारायला कोणी नाही. छाती आवळून आली, डोळ्यांपुढं अंधारी आली. घाबरलो. पाण्याचा पेला हाताशी होता. पण हात पेल्याकडं जायच्या आधी मान वर झाली आणि मी खुर्चीकडं बघितलं. समोर कोणी बसलेलं नव्हतं. मग आठवण कोण काढतंय, ते विचारायची गरज राहिली नव्हती.

पाणी मी जरा उशिरानं प्यायलो.